तक्रार आली नाही म्हणून उचलल्या जाणाऱ्या यंत्रांबाबत

प्रति,
मा. मालमत्ता व निर्लेखन अधिकारी,
मध्यवर्ती रुग्णालय व संशोधन संस्था,
तळमजला, जिन्याशेजारी.

विषय : अभिलेख कक्षातील संगणक उद्या, मंगळवारी, न उचलण्याबाबत विनंती. (ही तक्रार नाही.)

संदर्भ : १) आपले परिपत्रक, ‘वापरात नसलेल्या वस्तू शोधून काढणे’.
२) माझे यापूर्वीचे तीन अर्ज, जे प्रत्यक्षात एकच होते.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मी आपल्याच संस्थेत माहितीच्या विश्वासार्ह साठवणुकीवर संशोधन करतो, निदान गेल्या महिन्यापर्यंत करत होतो. काम थोडक्यात असे : माहिती एकाच ठिकाणी ठेवली की ती एकदमच जाते. म्हणून तिचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती वेगवेगळ्या इमारतींतल्या यंत्रांवर ठेवायच्या, आणि एखादे यंत्र बंद पडले की उरलेल्यांनी कोणालाही न विचारता त्याच्या वाटच्या प्रती पुन्हा तयार करायच्या. घरातले एक माणूस आजारी पडले की बाकीचे त्याची कामे उरकतात आणि पाहुण्याला पत्ताही लागत नाही, तसेच हे. अशी अकरा यंत्रे मी रुग्णालयात बसवली. ग्रंथालयातल्या यंत्रावर ग्रंथपालांनी कुंडी ठेवली. लेखा शाखेतल्या यंत्रावर तिथल्या बाई थंडीत पाय शेकत असत. माझी कशालाच हरकत नव्हती. यंत्र आहे हे कोणाच्या ध्यानीमनीही नसणे, हेच तर माझ्या कामाचे यश होते. आता त्याच यशाने माझा गळा धरला आहे.

२. आपल्या परिपत्रकातील पद्धत मला मान्य आहे, हे आधीच नमूद करतो. वस्तूचा प्लग काढायचा, तिच्यावर चिठ्ठी लावायची, पंधरा दिवस वाट पाहायची. कोणाची तक्रार आली नाही तर वस्तू वापरात नाही असे समजून ती निर्लेखित करायची. पंखे, कपाटे, खुर्च्या यांच्या बाबतीत ही पद्धत उत्तमच आहे. खुर्ची काढून घेतली की तिच्यावर बसणारा माणूस ओरडतो, आणि ओरडला नाही तर तिथे कोणी बसत नव्हते हे उघड होते. आपण या पद्धतीने किती अडगळ दूर केलीत हे साऱ्या संस्थेने पाहिले आहे. जिन्याखालचा रस्ता मोकळा झाला, त्याबद्दल मी तेव्हाही आभार मानले होते.

३. परंतु ग्रंथालयातील यंत्राचा प्लग निघाला तेव्हा काय घडले? काहीच घडले नाही. उरलेल्या दहांनी त्याचे काम वाटून घेतले. पंधरा दिवस गेले, तक्रार आली नाही, यंत्र गेले. (कुंडी राहिली, कारण तिला पाणी घालणारे होते.) मग लेखा शाखेतील गेले. तिथल्या बाईंनी पाय गार पडतात असे तोंडी सांगितले, पण ते यंत्राच्या कामाशी संबंधित नाही असा शेरा पडला. मग तिसरे, चौथे, पाचवे. दर वेळी मी आपल्या दालनाबाहेर येऊन उभा राहिलो आणि दर वेळी मला माझाच वार्षिक अहवाल दाखवण्यात आला, ज्यात मी स्वतःच्या हाताने लिहिले आहे की एखादे यंत्र बंद पडले तरी फरक पडत नाही. महोदय, मी ते लिहिले आहे, नाकारत नाही. पण ते एखाद्या यंत्राबद्दल लिहिले होते. एक जेवण चुकले तर माणूस मरत नाही, म्हणून रोज तेच एक जेवण चुकवत राहायचे, असा हिशेब कोणी घरी करत नाही.

४. पाचवे यंत्र गेल्यावर उरलेल्या सहांतली जागा भरली. नव्या प्रती काढायला जागाच राहिली नाही. त्यानंतर जाणारे प्रत्येक यंत्र कोणत्या तरी तुकड्याची एक प्रत कायमची घेऊन गेले. मी नवीन हार्ड डिस्क पदरच्या पैशांनी आणल्या, पण त्या बसवायला खोलीत जावे लागते, आणि तोवर माझे प्रवेशपत्र बंद झाले होते. कारण याच चाचणीखाली माझे पदही काढून पाहण्यात आले होते. मी यायचा थांबलो, साठवण चालूच राहिली, कोणाची तक्रार आली नाही. सबब संशोधकाची आवश्यकता सिद्ध होत नाही, असे पत्र मला घरी मिळाले. पत्र वाचून आधी हसू आले. मग कपाळावर हात मारला.

५. येथे एक तांत्रिक बाब सांगणे भाग आहे. दोन मिनिटे सहन करावे. अकरांपैकी सहा यंत्रे एकमेकांशी बोलत असतील तोवरच ती नवी माहिती स्वीकारतात. सहापेक्षा कमी उरली, की जुनी माहिती वाचून देतात, नवीन घेत नाहीत. कारण बाकीची यंत्रे खरोखर गेली, की आपणच त्यांच्यापासून तुटलो, हे त्या बिचाऱ्यांना कळण्याचा मार्ग नसतो. आणि दोन्हीकडे वेगवेगळे लिहिले गेले तर खरे कोणते हा घोळ होतो. हा नियम मीच घातला. तो बरोबर आहे. अजूनही बरोबरच आहे.

६. मात्र सहाव्या यंत्राचा प्लग निघाला त्या दिवसापासून नवीन माहिती घेणे थांबले. आणि आमची साठवण फार भरवशाची म्हणून संस्थेने गेल्या वर्षी तक्रार नोंदवण्याची व्यवस्थाही तिच्यावरच आणून ठेवली होती. तेव्हापासून जो कोणी तक्रार लिहायला जातो त्याला पडद्यावर ‘आपली तक्रार तूर्त स्वीकारता येत नाही, कृपया नंतर प्रयत्न करावा’ असे दिसते. मी प्रयत्न केला आहे. माझ्या शेजाऱ्यांनी केला आहे. आपल्या स्वीय सहायकांनीसुद्धा गळक्या नळाबद्दल केला होता, त्यांनीच मला सांगितले. कागदावरची तक्रार आवक खिडकीत घेत नाहीत, कारण तक्रारी आता संगणकावरच करायच्या आहेत. त्यामुळे मागील महिन्याच्या अहवालात तक्रारी शून्य. त्याबद्दल आपल्या कार्यालयास प्रशस्तिपत्रक मिळाले आणि ते आपल्या खुर्चीमागे लावलेले मी काचेतून पाहिले. चौकट सुंदर आहे. पण त्या शून्यावर भिस्त ठेवून सातवे यंत्र गेले, आणि म्हणून मी हे जे लिहीत आहे त्याला कृपया तक्रार म्हणू नये. खिडकीतल्या बाबूंनी पहिल्या ओळीतच तो शब्द शोधला होता.

७. आता या यंत्रांत आहे काय, हे सांगतो. मागील अर्जात मी फक्त आवाजपेढीचे नाव घेतले, पुढचे सांगितले नाही, कारण घरातली गोष्ट कार्यालयात काढू नये असे वाटले. आता डोक्यावरून पाणी गेले आहे.

वाचा उपचार विभागाची आवाजपेढी आमच्या यंत्रांवर आहे. ज्यांच्या घशातली स्वरपेटी शस्त्रक्रियेत काढावी लागते, अशा माणसांना आधी बोलावून त्यांच्या आवाजात शेकडो वाक्ये वाचून घेतात. पुढे त्यांना एक लहान पेटी देतात. त्यांनी कळा दाबून लिहायचे. पेटी साठवणुकीतून त्यांच्याच आवाजाचे तुकडे आणते, जोडते आणि बोलते. दीडशेहून जास्त माणसे अशी बोलतात. त्यांत एक वकील आहेत, एक केशकर्तनालयवाले आहेत ज्यांच्या गप्पांसाठीच गिऱ्हाईक येते, आणि माझी थोरली बहीण आहे.

८. ताई बस स्थानकावर उद्घोषक होती. आई गेल्यावर मला तिने वाढवले, आणि या गावातल्या निम्म्या लोकांना तिने धावायला लावले आहे. आपण कधी बसने आला असाल तर आपणही तिच्या आवाजावर पिशवी सावरत पळाला असाल. फलाट बदलल्याचे ती अशा सुरात सांगायची, की चूक प्रवाशांचीच आहे असे वाटे. घरीही तोच सूर. माझ्या लग्नाच्या बोलणीत तिने एका वाक्यात तिकडच्या तिघा काकांना गप्प केले होते. असा आवाज असलेल्या बाईला डॉक्टर म्हणाले की स्वरपेटी काढावी लागेल. तिने विचारले, कधी? मी मात्र बाहेर जाऊन पायरीवर बसलो.

आवाजपेढीत तिला वाचायला दिलेली वाक्ये म्हणजे ‘निळ्या बादलीत थोडे पाणी आहे’ अशा मासल्याची. दुपारभर ती न चुकता वाचत गेली. मग एक वाक्य आले : ‘गाडी वेळेवर सुटेल.’ ताईने ‘गाडी’ म्हटले आणि तिला हसू फुटले. एकदा फुटले ते थांबेना. मधेच म्हणाली, अहो बाई, हे नाही जमायचं मला, सवयच नाही हो. आणि पुन्हा हसली. ध्वनिमुद्रण करणाऱ्या बाई चुकलेले वाक्य पुसतात, पण ते त्यांनी पुसले नाही. पाऊण मिनिट आहे. शस्त्रक्रियेनंतर ताई हसते तेव्हा खांदे हलतात, डोळ्यांत पाणी येते, आवाज येत नाही. म्हणून तिने पेटीची एक कळ त्या पाऊण मिनिटासाठी राखून ठेवली. वर्षभर आमच्या घरात विनोद झाला की आधी खांदे हलायचे आणि मग कळ दाबली जायची. सुरुवातीला ते विचित्र वाटायचे, नंतर सवय झाली.

९. सातवे यंत्र उचलल्यानंतरच्याच आठवड्यात धुलाईखान्यातल्या यंत्राची हार्ड डिस्क वाफेने बसली. एरवी याची मला फिकीर नव्हती. अशा प्रसंगासाठीच सगळा खटाटोप होता. पण आता काही तुकड्यांच्या तिन्ही प्रती गेल्या. पेटीला ताईचा एखादा ध्वनी सापडला नाही, की ती गप्प बसत नाही. बनवणाऱ्यांनी भरून दिलेला एका पुरुषाचा आवाज त्या जागी घालते. त्या गृहस्थाचा आवाज चांगला आहे, माझे त्याच्याशी वैर नाही. पण ताई मला लहानपणापासून बारक्या म्हणते, आणि त्या दिवशी तिने जेवायला हाक मारली तेव्हा ‘बार’ तिच्या आवाजात आले आणि ‘क्या’ त्या माणसाच्या. तिची नात पाच वर्षांची आहे. ती दाराआड जाऊन उभी राहिली आणि तिने विचारले, आजीच्या पोटात कोण काका बसलाय? ताईने पेटी बंद केली, कपाटातल्या टॉवेलांखाली ठेवली आणि तेव्हापासून ती पाटीवर लिहून दाखवते. तीही दोन-दोन शब्द. जी आयुष्यभर पूर्ण वाक्यांत बोलली ती ‘मीठ’ लिहून पाटी पुढे करते. मला हे बघवत नाही, महोदय. दुसऱ्या कोणत्याही भाषेत मला हे मांडता येत नाही, कार्यालयीन तर नाहीच.

१०. यापूर्वी मी अर्ज केला होता की, यंत्रे न्यायची तर न्या, पण आधी आवाजपेढीची एक प्रत बाहेर काढू द्या. त्यावर तोंडी उत्तर मिळाले की साठवण अत्यंत विश्वासार्ह असल्याने वेगळ्या प्रतीची गरज दिसत नाही, तसेच रुग्णांची माहिती परवानगीशिवाय बाहेर नेता येणार नाही. दुसरा मुद्दा योग्य आहे. त्या परवानगीसाठीच तर अर्ज होता. तो मी सवयीने तीन प्रतींत, तीन वाटांनी पाठवला : एक आवक खिडकीत, एक आपल्या स्वीय सहायकांकडे, एक आपल्या गाडीच्या चालकांकडे. एका वाटेवर विसंबायचे नाही हे माझे शिक्षण. आपल्या कार्यालयाने तिन्ही ताडून पाहिले, ते शब्दशः सारखे निघाले, म्हणून दोन जादा ठरवून फाडले; आणि उरलेला मूळ आहे की प्रत हे ठरेना, म्हणून तोही नस्तीबद्ध केला. हे कळल्यावर मी हात टेकले. तरीही हा अर्ज पुन्हा तीन वाटांनीच येत आहे. माझा इलाज नाही. या वेळी प्रत्येकावर ‘मूळ’ असे लिहिले आहे.

११. सध्या तीन यंत्रे जिवंत आहेत. अभिलेख कक्षातल्या यंत्राचे पंधरा दिवस उद्या संपतात. त्याचा प्लग निघालेला नाही, कारण तो कपाटामागे आहे आणि आपल्या माणसांचा हात तिथवर पोचला नाही. चिठ्ठी मात्र वेळेवर लागली. कोणता तुकडा कुठे उरला आहे ती यादी मला घरून वाचता येते. रोज सकाळी मी ती वाचतो. ताईच्या आवाजाचा मोठा भाग आता एकाच ठिकाणी, एकाच प्रतीत शिल्लक आहे. हसण्याचे पाऊण मिनिटही तिथेच आहे. ते ठिकाण म्हणजे अभिलेख कक्ष. आपली माणसे उद्या अकराला हातगाडी घेऊन येतील तेव्हा त्यांच्या दृष्टीने ती धूळ बसलेली एक काळी पेटी असेल, आणि ती उचलल्यावर पुन्हा काहीही घडणार नाही. दिवे लागतील, लिफ्ट चालेल. कोणी ओरडणार नाही.

आणि महोदय, इथेच आपल्या चाचणीचे चुकते. आपण तक्रारीची वाट पाहत आहात. पण जे तक्रार करतील त्यांचे आवाजच त्या यंत्रांत आहेत. वकील साहेबांनी मागच्या आठवड्यात आपल्या खिडकीशी येऊन पेटीवर काहीतरी लिहिले. पेटीतून निम्मे त्यांचे आणि निम्मे त्या परक्या गृहस्थाचे निघाले, रांगेतले लोक हसले, आणि ते न बोलता परत गेले. अहवालात तेही शून्यातच धरले गेले असणार.

१२. सबब विनंती एकच. उद्या ते यंत्र उचलू नये, आणि मला एका दिवसासाठी आत सोडावे. माझ्याकडे डिस्क आहेत, स्क्रू-ड्रायव्हर आहे. मला पद परत नको. संशोधन चुलीत गेले तरी चालेल. माझ्या नावापुढे निरुपयोगी असा शेरा मारून मला जड संग्रहाच्या (डेड स्टॉकच्या) नोंदीत घातले तरी मी सही करीन. हवे तर माझ्या पाठीवर चिठ्ठी लावावी. पंधरा दिवसांत कोणाची तक्रार येणार नाही याची हमी देतो. फक्त तो एक दिवस द्यावा. मी हात जोडतो. कागदावर हात जोडलेले दिसत नाहीत, म्हणून लिहून कळवतो.

१३. ताईला मी हे काही सांगितले नव्हते. परंतु काल तिने माझ्या टेबलावरचा कच्चा मसुदा वाचला, लाल शाईने दोन ठिकाणी माझी वाक्ये तोडली (तिचे म्हणणे, माणूस ऐकता ऐकता गाडी चुकवेल) आणि पाटीवर लिहिले : ‘मी येते.’ उद्या ती माझ्याबरोबर अभिलेख कक्षाच्या दाराशी येणार आहे. तिला आपल्याकडे रीतसर तक्रार करायची आहे, तोंडी, पूर्ण वाक्यांत. टॉवेलांखालून पेटी काढून तिने चार्जिंगला लावली आहे. यंत्र जागेवर असेल तर तिला जेवढे बोलता येईल तेवढे ती बोलेल. यंत्र हातगाडीवर गेल्यानंतर आपण आलात, तर तिची काही तक्रार नव्हती असेच आपल्या कानांना वाटेल.

उत्तराची वाट आपल्या दालनाबाहेर, नेहमीच्या जागी, उभ्यानेच पाहणारा,

(सही)
संशोधक, साठवण प्रकल्प
(पद सध्या काढून पाहिलेले)
दिनांक : तेरा, सोमवार

सोबत :

१. वार्षिक अहवालातील ‘एखादे यंत्र’ हा परिच्छेद, ‘एखादे’खाली रेघ मारून.

२. वाचा उपचार विभागप्रमुखांचे पत्र. (त्यांनी ते तक्रार म्हणून तीनदा संगणकावर भरून पाहिले, मग हाताने लिहिले.)

३. ध्वनिमुद्रण, पाऊण मिनिट. जोडलेले नाही, कारण प्रत काढण्यास परवानगी नाही. मूळ ऐकायचे असल्यास उद्या अकराच्या आत अभिलेख कक्षाच्या दाराशी यावे लागेल. आपल्यासाठी ताई खुर्ची धरून ठेवणार आहे.